कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या चकत्या परत का आल्या?

गेल्या दोन-तीन वर्षांत कॅमेऱ्यांच्या बातम्या चाळणाऱ्यांना एक गोष्ट नक्की जाणवली असेल. ‘अगदी नवा’ म्हणून जो कॅमेरा दाखवला जातो, तो दिसायला चाळीस वर्षांपूर्वीचा असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निकॉनने ‘झेडएफ’ आणला. त्यांच्याच १९८२ च्या ‘एफएम२’शेजारी ठेवला तर लांबून कुठला कोणता हे सांगता येऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुजीफिल्मचा ‘एक्स१००व्हीआय’ आला आणि तो हाती पडावा म्हणून लोक महिनोन्‌महिने नंबर लावून थांबले. मे २०२५ मध्ये फुजीफिल्मनेच ‘एक्स हाफ’ काढला. त्यात रोल नाही, पण रोल पुढे ओढायचा असतो तसला खटका मात्र आहे.

हे पाहून कुणालाही प्रश्न पडेल. तंत्रज्ञान एवढं पुढे गेलं, मग रूप मागे का नेलं? ही नुसती जुन्याची हौस आहे, की त्यात काही अर्थ आहे?

माझं उत्तर असं, की दोन्ही आहे, आणि दोन्ही वेगवेगळं काढता येतं. त्यासाठी आधी एक समजून घ्यावं लागतं. जुन्या कॅमेऱ्यावरचा प्रत्येक खटका, प्रत्येक चकती आणि प्रत्येक उंचवटा कुठल्या तरी कामासाठी होता. ते काम आजही शिल्लक असेल, तर तो भाग परत आणण्यात शहाणपण आहे. काम संपलं असेल, तर ती फक्त नक्षी.

रोलच्या कॅमेऱ्याचं रूप ठरवलं रोलनेच

माझ्याकडे काकांनी दिलेला एक पूर्ण यांत्रिक कॅमेरा आहे. त्याचं मागचं झाकण उघडलं की कडेचा काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटतो. प्रकाश आत शिरू नये म्हणून तो लावलेला असतो आणि वयानुसार विरघळतो. पण आतली मांडणी मात्र एका नजरेत कळते. डाव्या हाताला डबीत गुंडाळलेली फिल्म बसायची जागा. मधोमध ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच अशी चौकट, जिच्यातून प्रकाश फिल्मवर पडतो. उजव्या हाताला वापरलेली फिल्म गुंडाळून घेणारं रीळ. डबी, चौकट, रीळ. कॅमेरा आडवा, लांबट का असतो, याचं उत्तर या तीन शब्दांत आहे.

आता उजव्या अंगठ्याने वरचा खटका ओढा. दातेरी चाकं फिरतात, फिल्म एक घर पुढे सरकते आणि त्याच हिसक्यात शटरची स्प्रिंग ताणली जाते. शटर म्हणजे फिल्मच्या पुढचा पडदा. तो ठरावीक वेळ उघडतो आणि मिटतो. म्हणजे त्या खटक्याकडे एकाच वेळी दोन कामं होती. एफएम२ मध्ये तर तिसरंही होतं: खटका किंचित बाहेर ओढून ठेवला की कॅमेरा जागा व्हायचा, आत दाबला की फोटोच्या बटणाला कुलूप.

मधला उंचवटाही असाच. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जायचा. तिथे पाच बाजूंचा काचेचा लोलक ते चित्र सुलट करून डोळ्यापर्यंत पोचवायचा. त्या लोलकाला झाकायला जी टोपी लागली, तोच उंचवटा. कुणी कागदावर सुंदर म्हणून आधी रेखाटला आणि मग बनवला, असं नव्हतं.

तीन आकडे, तीन जागा

फोटोसाठी किती प्रकाश घ्यायचा, हे तीन गोष्टी मिळून ठरवतात. लेन्समधलं छिद्र किती उघडं ठेवायचं. पडदा किती वेळ उघडा ठेवायचा. आणि समोरची फिल्म प्रकाशाला किती पटकन प्रतिसाद देणारी आहे. या तिसऱ्याचं माप म्हणजे आयएसओ. खोलीत उजेड किती येईल हे खिडकी किती उघडली आणि किती वेळ उघडी ठेवली यावर जसं ठरतं, तसंच हे.

जुन्या कॅमेऱ्यावर या तिघांना तीन ठरलेल्या जागा होत्या. छिद्राचं कडं लेन्सभोवती. पडद्याच्या वेळेची चकती उजवीकडे वर: १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, प्रत्येक आकडा आधीच्या साधारण निम्मा वेळ. आयएसओची मात्र बहुधा एक छोटीशी खिडकी असे. एफएम२ मध्ये शटरच्या चकतीची बाहेरची कडा उचलून फिरवली की त्या खिडकीतला आकडा बदलायचा. एवढं अवघड का ठेवलं? कारण तो आकडा रोल भरताना एकदाच लावायचा असे. छत्तीस फोटो होईपर्यंत फिल्म बदलणार नव्हती, मग आकडा तरी कशाला बदलायचा? उलट चुकून धक्का लागून तो हलू नये, हेच महत्त्वाचं. ही छोटी खिडकी लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

पंख्याचा रेग्युलेटर

चकतीचं खरं मोल मला पंख्याच्या रेग्युलेटरवरून कळलं.

भिंतीवरचा जुना गोल रेग्युलेटर आठवा, एक ते पाच आकड्यांचा. वीज गेलेली असतानाही त्याच्याकडे पाहून सांगता येतं, की वीज आल्यावर पंखा तीनवर फिरणार आहे. अंधारात हात लावला तरी खुंटी कुठे वळली आहे यावरून कळतं. आता रिमोटवर चालणारा पंखा घ्या. तो किती वेगाने फिरेल हे त्याच्या पोटात कुठेतरी लिहिलेलं असतं. सुरू केल्याशिवाय ते तुम्हाला दिसत नाही. दोन्ही पंखे वारा सारखाच देतात. फरक एवढाच, की पहिल्याची स्थिती डोळ्यांना आणि बोटांना कळते, दुसऱ्याची विचारावी लागते.

शटरची चकती हा पहिल्या जातीचा रेग्युलेटर आहे. बंद कॅमेरा पिशवीतून काढताना नुसता वरून पाहिला तरी तो १/२५० वर आहे, छिद्र ८ वर आहे, हे दिसतं. समोर पळणारं मूल असेल तर डोळा कॅमेऱ्यात पाहायच्या खिडकीला लागायच्या आत चकती ‘टक-टक’ अशी दोन घरं फिरवायची आणि १/१००० वर यायचं. हे मी अंधारातही करू शकतो, कारण बोटाला ही घरं मोजता येतात. सर्वसाधारण डिजिटल कॅमेऱ्यात हेच काम बिनआकड्याच्या चाकाने होतं. ते चाक आत्ता शटर बदलतं आहे की छिद्र, की आणखी काही, हे कॅमेरा त्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे त्यावर अवलंबून. चाक तेच, अर्थ दर वेळी निराळा.

म्हणून परत आलेल्या चकत्यांकडे मी फक्त आठवणींचा पसारा म्हणून पाहत नाही. आकडा जागेवर दिसणं ही सोय आहे, आणि ती आपण मध्ये गमावली होती.

ती गमावली कधी? डिजिटलमुळे नव्हे!

इथे बऱ्याच जणांचा समज चुकतो. चकत्या डिजिटल कॅमेऱ्याने घालवल्या असं वाटतं, पण त्या रोलच्याच जमान्यात गेल्या. कॅमेऱ्यात संगणकाची चिप शिरली आणि आकडा यंत्राच्या दांड्यात न राहता चिपच्या स्मरणात राहू लागला. १९८५ चा मिनोल्टा ७००० बटणांवर चालायचा. १९८६ च्या कॅनन टी९० मध्ये वर आकड्यांचा छोटा पडदा आणि बोटाशी एकच चाक होतं. आजच्या बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांची घडण याच टी९० च्या वळणाची आहे. त्या रचनेचा फायदाही मोठा होता: एकाच चाकाला दहा कामं देता येतात, आणि यंत्र स्वतःहून आकडे बदलू शकतं. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा त्यांनी हीच रचना उचलली. कामं मात्र दहाची शंभर झाली आणि मेनू वाढत गेला.

परतीची वाट

पहिलं ठळक पाऊल २००४ चं. एप्सनने ‘आर-डी१’ काढला. त्याचा सांगाडा कोसिना कंपनीच्या रोलच्या कॅमेऱ्यावर बेतलेला होता. वर चक्क काट्यांचं घड्याळ: एक काटा किती फोटो उरले ते दाखवायचा, एक बॅटरी. आणि खटकाही होता, तो खराखुरा शटरची स्प्रिंग ताणायचा. फिल्म नव्हती, तरी खटक्याच्या दोन कामांपैकी एक शिल्लक होतं.

मग २००६ मध्ये लायका या जर्मन कंपनीचा एम८. २००९ मध्ये ऑलिंपसने आपल्या १९५९ च्या ‘पेन’ कॅमेऱ्याची पन्नाशी साधून डिजिटल पेन आणला. हा आला कारण त्याच सुमारास आरसा काढून टाकलेले कॅमेरे शक्य झाले होते. आरसा गेला की पोटात जागा होते, कॅमेरा चपटा होतो आणि रचनाकाराला हवा तो आकार देता येतो. सप्टेंबर २०१० मध्ये फुजीफिल्मने ‘एक्स१००’ जाहीर केला: न निघणारी एकच लेन्स, तिच्याभोवती छिद्राचं कडं, वर शटरची चकती. आजच्या सगळ्या गर्दीचा मूळपुरुष माझ्या मते हाच. २०१३ मध्ये निकॉनने ‘डीएफ’ काढला. त्यात आरसाही होता आणि चकत्याही, आणि व्हिडिओची सोय मुद्दाम ठेवलेली नव्हती.

या काळात बाजार मात्र आकसत होता. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये ते ८० लाखांच्याही आत आले. खिशातले साधे कॅमेरे फोनने गिळले. आता जो कॅमेरा विकत घेतो, त्याला फोटो काढायचं साधन आधीच मिळालेलं असतं. तो घेतो ते फोटो काढण्याची क्रिया हातात यावी म्हणून. कंपन्यांनी हे ओळखलं.

‘मग बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यातच सेन्सर का बसवत नाहीत?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे. कॅमेरा घरात पडून आहे, लेन्स उत्तम आहे. फिल्मच्या जागी फक्त सेन्सर हवा. सेन्सर म्हणजे प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चिप. रोलच्या आकाराची एक डबी बनवा, जिच्यातून फिल्मऐवजी सेन्सर बाहेर डोकावेल. झालं!

ही कल्पना जुनी आहे. पुढे ‘सिलिकॉन फिल्म’ म्हणून ओळखली गेलेली नेमकी हीच वस्तू १९९८ मध्ये जाहीर झाली होती, १३ लाख पिक्सेलची. ती दुकानात कधीच पोचली नाही आणि २००१ मध्ये कंपनीचं काम थांबलं. त्यानंतरही अनेकांनी हात घातला. अडचणी कुठे येतात ते पाहू.

फिल्म कागदासारखी पातळ असते. ती चौकटीच्या मागे दोन रुळांवर टेकते, मागून झाकणावरची पट्टी तिला दाबून धरते, बस. सेन्सर तसा नसतो. प्रकाश टिपणाऱ्या भागाभोवती त्याची स्वतःची कडा असते, तारा असतात, म्हणजे तो ३६ बाय २४ च्या चौकटीपेक्षा मोठा भरतो आणि चौकटीत शिरत नाही. शिवाय त्याच्यापुढे काचेचे थर असतात. सेन्सर फिल्मच्या नेमक्या पातळीवर आणायचा, तर ती काच चौकटीत पुढे घुसते, आणि तिथे अगदी लगत शटरचा पडदा धावत असतो. सेन्सर मागे ठेवला, तर फोकस बिघडतो. इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा हिशेब असतो. म्हणून असे प्रयत्न करणारे एक तर लहान सेन्सर घेतात, मग लेन्सच्या चित्राचा मधलाच तुकडा मिळतो, नाही तर चित्र आधी एका काचेवर पाडून त्याचा फोटो घेतात, मग स्पष्टता जाते.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी सहसा कुणी सांगत नाही. फिल्म कायम जागी असते. पडदा कधीही उघडा, ती तयार. सेन्सरला मात्र आधी पुसून कोरं करावं लागतं, आणि पडदा कधी उघडणार हे त्याला कळावं लागतं. पूर्ण यांत्रिक कॅमेरा ही खबर देणार कशी? फ्लॅशच्या तारेतून ती कशीबशी काढता येते, पण मग कॅमेऱ्याच्या बाहेर एक तार लोंबते. बॅटरी कुठे? कार्ड कुठे? उष्णता कुठे जाणार?

लायकाच्या आर८ आणि आर९ या कॅमेऱ्यांसाठी मागचं अख्खं झाकण बदलून बसवायचा डिजिटल भाग खरोखर विकला गेला होता. पण तो त्या कंपनीने आपल्याच कॅमेऱ्यांची मापं घेऊन बनवला होता, आणि तरीही त्याचा सेन्सर पूर्ण चौकटीएवढा नव्हता. हजार प्रकारच्या जुन्या कॅमेऱ्यांत बसेल अशी एकच डबी बनवणं त्याहून फार अवघड. म्हणून जुन्या रूपाचा नवा कॅमेरा मुळापासून नव्याने घडवावा लागतो. बाहेरून ओळखीचा दिसतो, आतून संपूर्ण वेगळा असतो.

तिरका पाऊस

नव्याने घडवला तरी भौतिकशास्त्र पिच्छा सोडत नाही. पावसात सतरंजी पसरून ठेवा. पाऊस सरळ पडो की तिरका, सतरंजी सगळीकडे भिजते. फिल्म ही सतरंजी. आता तिथे अरुंद, खोल पेले खेटून मांडा. सरळ पाऊस पेल्यांत भरेल. तिरका पाऊस काठावर आपटेल आणि कडेचे पेले अर्धवट राहतील. सेन्सर म्हणजे असे कोट्यवधी पेले.

रोलच्या काळातल्या काही लेन्स, विशेषतः लायकासारख्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्स, फिल्मच्या अगदी जवळ बसतात. त्यांचा प्रकाश कडांवर फार तिरका पडतो. फिल्मला फरक पडत नव्हता, सेन्सरला पडतो: कोपरे काळवंडतात किंवा त्यांचा रंग बदलतो. त्यावर उपाय म्हणून लायकाने प्रत्येक पेल्यावर बसवलेलं इवलंसं नरसाळं कडांकडे थोडं कलतं ठेवलं आणि सेन्सरपुढची काच पातळ केली.

पण काच पातळ केली आणि दुसरीकडून पाणी शिरलं. ती काच डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण अडवायचं काम करते. एम८ मध्ये ती पुरेशी अडवेना, आणि काळं कृत्रिम कापड फोटोत जांभळट दिसू लागलं. शेवटी लायकाने ग्राहकांना लेन्सपुढे लावायचे फिल्टर मोफत दिले. पुढच्या एम९ मध्ये, २००९ साली, पूर्ण ३६ बाय २४ चा सेन्सर बसला आणि हे दुखणंही बरंचसं आटोक्यात आलं. नेहमीचं रूप आणि नेहमीच्या लेन्स तशाच ठेवायच्या, एवढ्या एका हट्टापायी किती डोकी शिणली असतील याची कल्पना यावी!

जाडीचीही तीच कथा. फिल्मच्या मागे फक्त एक झाकण असायचं. सेन्सरच्या मागे सर्किट असतं, त्यामागे फोटो दाखवणारा पडदा. म्हणून लायकाचे डिजिटल कॅमेरे अनेक वर्षं रोलच्या भावंडांपेक्षा जाडजूड होते. २०१७ च्या एम१० मध्ये सुमारे साडेतीन-चार मिलिमीटर कमी झाले. आकडा क्षुल्लक वाटेल, पण हाताला तो लगेच कळतो.

कुठे जमतं, कुठे फसतं

आता ती आयएसओची छोटी खिडकी. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ दर फोटोला बदलता येतो, तो बदलणं हेच तर डिजिटलचं मोठं सामर्थ्य. तरीही फुजीफिल्मने २०१७ च्या ‘एक्स१००एफ’ मध्ये जुनी रीत जशीच्या तशी आणली: शटरच्या चकतीची कडा उचला, फिरवा, खिडकीत आकडा पाहा. दिसायला मोहक आहे. पण जी गोष्ट मुद्दाम अवघड ठेवली होती, कारण ती क्वचितच करायची होती, ती आता सतत करायची आहे. इथे रूप आणलं, कारण विसरलं. निकॉन झेडएफवर आयएसओला डावीकडे स्वतंत्र, स्वच्छ आकड्यांची चकती आहे. जुन्या एफएम२ वर अशी चकती नव्हती, म्हणजे नक्कल म्हणून ती चूक, पण मला तीच जास्त प्रामाणिक वाटते.

झेडएफची अडचण दुसरीकडे आहे. त्याच्या बहुतेक नव्या लेन्सना छिद्राचं आकडे कोरलेलं कडं नाही. मग तिसरा आकडा दिसणार कुठे? त्यासाठी वर एक इवलासा पडदा ठेवला आहे, तो छिद्राचा आकडा दाखवतो. कॅमेरा बंद केला की तो रिकामा. तीनपैकी दोन रेग्युलेटर भिंतीवरचे, एक रिमोटचा.

चकतीचं मोठं संकट मात्र सगळ्यांनाच आहे. चकती आपोआप फिरत नाही. कॅमेरा स्वतः शटर ठरवत असेल, तर चकतीवर १/१२५ दिसत राहतं आणि आत १/२००० चाललेलं असतं. कोरलेला आकडा खोटं बोलू लागतो. म्हणून अशा कॅमेऱ्यांवर चकतीला एक वेगळी खूण असते, ‘आता आकडा माझ्याकडे नाही, चाकाकडे आहे’ असं सांगणारी. फुजीफिल्मची पद्धत मला अधिक पटते: शटर आणि छिद्र दोन्हींवर ‘ए’ अक्षर असतं. ज्याला ‘ए’वर ठेवाल ते कॅमेरा सांभाळेल, ज्याचा आकडा लावाल ते तुमचं. वेगळी अवस्था निवडायचं बटणच लागत नाही.

मधला उंचवटा? आरसा नाही, लोलक नाही, तरी उंचवटा आहे. पण आत डोळ्यासाठीचा छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा असतो आणि तो लेन्सच्या बरोबर वर असला की नेम धरायला बरं पडतं. म्हणजे त्याला निम्मं काम मिळालं आहे.

पुढचा सपाट भाग मात्र त्रास देतो. जुन्या कॅमेऱ्याला मूठ नव्हती, कारण लेन्स छोट्या असायच्या. एफएम२ चं वजन ५४० ग्रॅम. झेडएफ बॅटरी-कार्डासकट ७१० ग्रॅम, त्यावर आजची मोठी लेन्स चढवली की तासाभरात बोटं दुखू लागतात. हा कॅमेरा घेणाऱ्याने लेन्स छोटी घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

आणि खटका. २०१८ च्या लायका एम१०-डी वर खटक्यासारखाच दिसणारा तुकडा आहे. तो फक्त अंगठा टेकवायला. ‘एक्स हाफ’चा खटका ओढला की दोन उभे फोटो शेजारी-शेजारी जोडून एक होतात, अर्ध्या चौकटीच्या जुन्या कॅमेऱ्यांची आठवण म्हणून. त्यातच एक अशी अवस्था आहे, की ३६, ५४ किंवा ७२ फोटो पुरे होईपर्यंत काढलेले फोटो पाहताच येत नाहीत. काहींना हा पोरखेळ वाटतो. मला वाटत नाही. फोटो काढला की लगेच मान खाली घालून तो पाहायचा, या सवयीत समोरचा पुढचा क्षण निसटतो. ही सवय ज्याला मोडायची आहे, त्याला मदत झाली तर काय बिघडलं?

‘फोनमध्ये हे सगळं आहे की’

फोटोपुरतं बोलायचं तर पुष्कळसं आहे, खरं आहे. पूर्ण चौकटीच्या सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरतं. ‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर, जो फोनच्या दृष्टीने फार मोठा, तो सुमारे ११६. म्हणजे सात पटींहून जास्त फरक. अंधारात आणि मोठ्या छपाईत तो दिसतो. भर उन्हात काढून फोनवरच पाहायचा फोटो असेल, तर फार दिसणार नाही.

तेव्हा फोटो चांगला येईल एवढ्यासाठीच जुन्या रूपाचा कॅमेरा घेऊ नका. त्याच सेन्सरचा, साध्या रूपाचा कॅमेरा तेवढाच चांगला फोटो देईल. हाताला आकडे हवे असतील तर घ्या.

‘घरातल्या जुन्या लेन्स लागतील का?’

बऱ्याचदा लागतात, आणि हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत आनंदाचा भाग. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं ठरलेलं असतं. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ बैठकीत ते ४६.५ मिलिमीटर, कारण मध्ये आरसा मावायला हवा. आरसा नसलेल्या नव्या झेड बैठकीत फक्त १६. मधलं ३०.५ मिलिमीटरचं अंतर भरून काढणारं एक कडं लावलं, की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर नेमक्या जागी बसते. फोकस हाताने करावा लागतो, पण पडद्यावर हवा तो भाग मोठा करून पाहता येतो, ही सोय काकांच्या काळात नव्हती. शिवाय लेन्सवर छिद्राचं कडं आहेच! झेडएफचा तो रिमोटवाला तिसरा रेग्युलेटर असा परत भिंतीवर येतो.

उलटं मात्र होत नाही. नवी झेड लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर चालणार नाही. जे अंतर कमी हवं ते कड्याने कमी कसं होणार?

जुनं नाव, निराळा मालक

एक सावधगिरी. कॅमेऱ्यावरचं जुनं नाव म्हणजे जुनी कंपनी असं समजू नका. नावं विकली जातात, भाड्याने दिली जातात. २०१७ मध्ये ‘याशिका’ नावाने लोकवर्गणीतून वाय३५ हा डिजिटल कॅमेरा आला. त्यात फिल्मसारखी डबी भरायची होती, पण ती डबी फक्त फोटोची रंगछटा, आयएसओ किंवा आकार बदलायची. आत सेन्सर फोनच्या मापाचा होता आणि अनेक वर्गणीदार नाराज झाले. २०२५ चा कोडॅकच्या नावाचा ‘चार्मेरा’ हा किल्लीच्या साखळीला लावायचा कॅमेरा, १.६ मेगापिक्सेलचा. तो खेळणं म्हणूनच विकला जातो, आणि खेळणं म्हणून गोड आहे. रूप पाहून भुलण्याआधी सेन्सरचं माप आणि बनवणाऱ्याचं नाव तेवढं वाचा.

‘मग रोलचाच कॅमेरा का घेऊ नये?’

जरूर घ्या, रोल भरायचा आणि धुऊन आणायचा धीर असेल तर. नवेही निघतात, पेंटॅक्सने २०२४ मध्ये ‘१७’ हा अर्ध्या चौकटीचा फिल्मचा कॅमेरा नव्याने आणला. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मसारखे रंग देणाऱ्या छटा असतात, फुजीफिल्मच्या छटा तर फार विचारपूर्वक केलेल्या आहेत. तरी त्या फिल्मची जागा घेतात असं मी म्हणणार नाही.

‘हा तरी चाळीस वर्षं टिकेल का?’

याचं उत्तर मनाविरुद्ध द्यावं लागतं: तशी आशा धरू नका. एफएम२ ची बॅटरी फक्त प्रकाश मोजायला लागते. ती काढून टाकली तरी शटर १/४००० पर्यंत सगळ्या वेगांवर चालतं, कारण आत स्प्रिंगा आणि चाकं आहेत. घड्याळजीच्या हाताचा माणूस ते आजही साफ करून देतो. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर किंवा सर्किट गेलं की तेच हवं, आणि कंपनी सुटे भाग कायम बनवत नाही. त्याआधी बहुधा बॅटरी संपते; ती विशिष्ट आकाराची असते आणि तो आकार बाजारातून गेला की शोधाशोध.

झेडएफच्या चकत्या पितळेच्या आहेत. चाळीस वर्षांनी त्या नक्कीच फिरतील, ‘टक-टक’ वाजतील, आकडा जागेवर बसेल. शटर उघडायला मात्र तेव्हा चालणारी बॅटरी हवी. तेव्हा घेतलाच, तर बॅटरी जोडीने घ्या, आणि कॅमेरा बरेच दिवस कपाटात राहणार असेल तर ती पूर्ण उतरलेली ठेवू नका; अर्धी भरून, बाहेर काढून, कोरड्या जागी ठेवा.